विकायची नव्हती ती टोपली

मी आधीच सांगून ठेवते, बादली मी सांडली नाही. बादली तुडतुडीनं सांडली. पुढं जे झालं त्यात माझा थोडाफार हात होता, हे मला मान्य आहे. पण आमच्या घरात कुणीही ही गोष्ट सांगायला लागलं की सुरुवात माझ्यापासून करतात, आणि ते मला अजिबात चालत नाही.

तुडतुडी ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नाही, म्हणून वर्गातल्या मुलींनी हे नाव ठेवलं. आता ती बायकांचे केस कापायचं दुकान चालवते आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीभोवती दिवसभर फिरते, त्यामुळे तिचं बरं चाललंय. मी मात्र बसून असते. एका कचेरीतली चौकशीची खिडकी माझ्याकडे आहे. आलेल्या माणसाला 'साहेब जागेवर नाहीत, थांबा' किंवा 'ते इथं नाही, पलीकडच्या खिडकीत' यांपैकी काहीतरी सांगायचं, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. बसून बघा एकदा. दिवसभर लोकांना नाही म्हणायला फार ताकद लागते, आणि पुढं पुढं ते अंगातच मुरतं. घरी कुणी 'चहा टाकू का' म्हटलं तरी माझ्या तोंडून आधी 'नाही' निघतं आणि मग मी चहाची वाट बघत बसते.

तर गावाबाहेरच्या मैदानावर हातानं केलेल्या वस्तूंचा मोठा मेळा भरला होता आणि आम्ही दोघींनी जायचं ठरवलं. दोघीच. नवरे नाहीत, सासवा नाहीत, कुणाला कडेवर घ्यायचं नाही. आदल्या दिवसापासून माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. ही बातमी जिन्यात फुटली आणि मग सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही, आणि वस्तू आवडली तर तोंड कडू करायचं. सासूबाई म्हणाल्या, उपयोगाचं असेल तेच आण. आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, धूळ बसेल असं काही आणू नकोस. आता उपयोगाची, धूळ न बसणारी आणि तोंड कडू करून घेतलेली वस्तू कुठली, याचा मी रात्री अंथरुणात विचार केला. मला फक्त साबण सुचला.

मेळ्यात शिरलो आणि मी सगळे सल्ले विसरले. काय काय होतं म्हणून सांगू. मातीचे मग, लोकरीची अस्वलं, लाकडाची आगगाडी, मेणबत्त्या, कागदाची फुलं, आणि प्रत्येक वस्तूमागं ती करणारा माणूस बसलेला. माझी नजर एका जागी ठरेना. तुडतुडीचं तर विचारूच नका. ती प्रत्येक वस्तू उचलायची, उलटी करायची, वास घ्यायची आणि करणाऱ्याच्या तोंडावर म्हणायची, "अगं, हे तर आपण घरीच करू." मी तिला चिमटे काढून थकले. दुपारपर्यंत आम्ही काहीही विकत घेतलं नव्हतं, पण साबण, मेणबत्त्या, दोन सतरंज्या आणि झुलता लाकडी घोडा हे सगळं आम्ही घरी करायचं ठरलं होतं.

असं करत आम्ही मैदानाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात पोचलो. तिथं मेळ्याला वीज देणारा जनरेटर धडधडत होता. त्याचा धूर, त्याचा आवाज, वर ऊन, आणि त्या सगळ्यात एक बाई जमिनीवर चादर अंथरून वेताच्या टोपल्या विकायला बसली होती. तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. टोपल्या मात्र अशा की हात लावल्याशिवाय राहवेना. ती स्वतः एक नवीन टोपली विणत होती. बूड झालं होतं, त्याला निळा दोरा बांधलेला होता, आणि भोवतीनं, पुढं उभ्या वळवायच्या काड्या सगळ्या दिशांना पसरल्या होत्या.

त्या निळ्या दोऱ्याची भानगड आम्हाला तेव्हा माहीत नव्हती. तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे पुढं माझ्यावर एकदम चिडणार नाही. मेळ्यात एक स्पर्धा होती. सकाळी मैदानावर येऊन, सगळ्यांदेखत वस्तू करायला घ्यायची. आयोजक तिला निळा दोरा बांधून जाणार. संध्याकाळच्या घंटेपर्यंत ती स्वतःच्या हातानं पुरी करायची. दोरा असलेलीच वस्तू चालणार, दुसरी नाही. जिची वस्तू पहिली येईल तिला पुढच्या मेळ्यात मोठ्या दालनात, दाराजवळ, छपराखाली जागा. टोपलीवाली दर मेळ्याला जनरेटरमागं बसत होती. मागच्या खेपेला अवकाळी पाऊस आला आणि तिचा सगळा माल भिजून काळा पडला. छपराखालची ती जागा तिला कशी हवी होती, हे तिच्या हातांच्या वेगावरून कुणालाही कळलं असतं. आम्हाला कळलं नाही.

तुडतुडी टोपल्या नीट दिसाव्यात म्हणून दोन पावलं मागं गेली आणि वेत भिजत घातलेल्या बादलीवर आदळली. बादली आडवी झाली. सगळं पाणी जमिनीनं पिऊन टाकलं. वेत ओला असला तरच वळतो, सुकला की कडकन मोडतो, हे त्या बाईनं आम्हाला अगदी शांतपणे सांगितलं. मला तर ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. नळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि त्याला रांग होती. तुडतुडी 'मी आणते, मी आणते' म्हणत धावणार होती, पण बाई म्हणाली की वेताला किती पाणी लागतं आणि कसलं चालतं ते तिलाच कळेल, आणि या ताईंनी आणखी काही सांडायला नको. दुसरं वाक्य ती बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर होतं.

तेव्हा मी पुढं झाले. म्हटलं, तुम्ही निर्धास्त जा, तोवर आम्ही इथं बसतो.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हातातली अर्धी टोपली स्टुलावर ठेवली. "कुणी आलं तर थांबा म्हणा, ताई. नुसतं लक्ष ठेवा," म्हणाली आणि बादली घेऊन पळाली.

आता बघा. 'थांबा' एवढंच म्हणायचं होतं. सगळ्या शहरात हे काम माझ्याइतकं सराईतपणे करणारं दुसरं माणूस सापडलं नसतं. आणि नेमकं ते मी केलं नाही.

पहिली एक आजी आली. तिनं टोपली उचलली आणि विचारलं, ही मिळेल का? प्रत्येक टोपलीला किमतीची चिठ्ठी बांधलेली होती, पैसे टाकायला डबा समोर होता. माझ्या तोंडात 'थांबा' आलासुद्धा होता. पण आजी इतक्या आशेनं बघत होती, आणि सुट्टीचा दिवस, आणि समोर खिडकीची जाळी नाही. मी म्हटलं, "हो, मिळेल की."

काय सांगू, अंगावर काटा आला. एका शब्दात समोरच्या माणसाचा चेहरा फुलतो, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. आजी टोपली घेऊन गेली आणि मला पुढचं माणूस हवंसं झालं. तुडतुडीला तर निमित्तच पाहिजे होतं. ती रस्त्यावर जाऊन लोकांना हाताला धरून आणायला लागली. जनरेटरच्या वर तिचा आवाज चढत होता. गर्दी जमली. कुणी विचारलं, यात लोकर ठेवता येईल का? हो. बटाटे? हो. मांजर झोपेल? अहो, उठणारच नाही. एका बाईनं विचारलं, हिला झाकण आहे का, तर मी म्हटलं, दुसरी टोपली उलटी ठेवा, ते झाकण. तिनं दोन घेतल्या. तुडतुडी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तू आयुष्य फुकट घालवलंस गं त्या खिडकीत. मला ते मनापासून पटलं.

बघता बघता चादर रिकामी झाली. आणि तेवढ्यात एक उंच, चष्मेवाले गृहस्थ आले. ते दातांचे डॉक्टर होते. दवाखान्यात लोक जिथं घाबरून बसतात त्या खोलीसाठी त्यांना काहीतरी प्रसन्न हवं होतं. त्यांनी रिकाम्या चादरीकडे बघितलं, हळहळले, आणि परत फिरताना त्यांची नजर स्टुलावर गेली.

"हे काय आहे?"

मी स्टुलाकडे बघितलं. मधे गोल बूड, चहूबाजूंनी काड्या. खरं सांगायचं तर तेव्हा मी शुद्धीवर नव्हते. 'नाही' हा शब्द मी साफ विसरले होते.

"सूर्य आहे," मी म्हटलं. "भिंतीवर लावायचा."

डॉक्टर हरखून गेले. त्याला चिठ्ठी नव्हती, म्हणून तुडतुडीनं एक आकडा ठोकून दिला. त्यांनी डब्यात पैसे टाकले आणि सूर्य छातीशी धरून गर्दीत शिरले.

टोपलीवाली बादली सावरत आली. रिकामी चादर दिसली आणि ती जागच्या जागी उभी राहिली. मग हसली. असं मोकळं हसली की मी मनात स्वतःची पाठ थोपटली. मी ऐटीत हात झटकले. म्हटलं, झालं बघा सगळं. ती डब्याकडे बघेना, आमच्याकडे बघेना, तिची नजर स्टुलावर गेली.

"माझी विणायची कुठंय?"

तुडतुडीनं सांगून टाकलं. बाईनं बादली खाली ठेवली. दोऱ्याचं, घंटेचं, छपराचं सगळं तिनं तेव्हा आम्हाला सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "गेलं मग." रडली नाही, भांडली नाही. जमिनीवर बसली आणि ओला वेत हातात घेऊन नुसता फिरवत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा लोकांना हो म्हटलं आणि एका बाईचं छप्पर विकून बसले.

शेजारच्या मेणबत्तीवाल्यानं लगेच सल्ला दिला की नवीन टोपली विणा आणि कुठूनतरी निळा दोरा आणा. त्याच्या बायकोनं त्याला गप्प केलं, कारण दोऱ्याला आयोजकांचं लाखेचं सील होतं. मी पदर खोचला. म्हटलं, बाई, तुम्ही वेत भिजवून ठेवा, सूर्य मी आणते.

आम्ही सुसाट निघालो ते थेट घोषणा करणाऱ्या खोक्यापाशी. आत एक माणूस माइक घेऊन बसला होता आणि समोर खिडकी होती. खिडकीला जाळी होती. मला तिथंच शंका यायला हवी होती. मी सांगितलं, अशी अशी वस्तू चुकून विकली गेली, घेणाऱ्याला बोलवा. तो म्हणाला, इथून फक्त हरवलेल्या वस्तू पुकारतात. मी म्हटलं, हरवलीच आहे. तो म्हणाला, विकलेली वस्तू हरवलेली धरता येत नाही, मॅडम. मी म्हटलं, असं कुठं लिहिलंय? तो म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल, साहेब जागेवर नाहीत, थांबा.

इतकं सफाईदार 'थांबा' मी आजवर दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नव्हतं. राग तर इतका आला की जाळीत हात घालून त्याचा माइक ओढावा. पण त्याच वेळी, कसं सांगू, थोडं कौतुकही वाटलं. मी माझी नोकरी सांगितली, आपण एकाच धंद्यातले आहोत म्हटलं, तर तो म्हणाला, मग तुम्हाला नियम माहीत असतीलच.

तेव्हा तुडतुडी पुढं सरसावली. तिनं विचारलं, माणूस हरवला तर पुकारता ना? तो म्हणाला, हो, ते नियमात बसतं. तिनं लगेच डोळ्यांना रुमाल लावला आणि सांगितलं की हिचा भाऊ हरवलाय, उंच आहे, चष्मा आहे, हातात सूर्य आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं. मीही रुमाल लावला. आणि सगळ्या मैदानावर आवाज घुमला: हातात सूर्य घेतलेल्या गृहस्थांनी जिथं असतील तिथून घोषणा कक्षापाशी यावं, त्यांची बहीण रडत आहे.

त्या मेळ्यात किती लोकांनी सूर्य घेतला होता म्हणता. तांब्याचा सूर्य घेऊन एक जण आला. कापडाचा सूर्य घेऊन एक जोडपं आलं आणि नवरा शपथेवर सांगू लागला की मला बहीण आहे पण ती ही नाही. एका आजोबांनी चंद्र आणला होता, तरी विचारून बघावं म्हणून आले होते. सगळे मिळून माझं सांत्वन करायला लागले, कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात फिरवला, आणि मला खरोखरच रडू यायला लागलं. शेवटी डॉक्टर आले. मला बघून चपापले.

"मला बहीण नाहीये," ते म्हणाले. "म्हटलं, बघावं तरी कोण आहे."

मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं. ते गंभीर झाले. मग हळूच त्यांनी पाठीमागचा हात पुढं केला, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. उभ्या काड्या जवळजवळ मुळापासून छाटलेल्या होत्या. पेशंटच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्या लाकडी खेळणीवाल्याकडून मापात कापून घेतल्या होत्या. चांगला गुळगुळीत, बिनधोक सूर्य झाला होता.

टोपलीवालीपुढं तो ठेवताना मी तोंड फिरवलं. डॉक्टर माफी मागत होते, तुडतुडी माफी मागत होती, मेणबत्तीवाला म्हणत होता की आता याची छान ताटली होईल. बाईनं बूड उचललं, दोरा बघितला, सील बघितलं. छाटलेल्या काड्यांच्या प्रत्येक खुंटाला बोट लावलं. मग कमरेची टोकदार सळई काढली, एका खुंटाच्या बाजूला विणीत घुसवली, जागा केली, आणि त्या जागेत नवा, ओला, लांब वेत खुंटाला चिकटून आत बसवला. ओढून बघितला. निघाला नाही.

"वेत द्या," ती म्हणाली.

नियम असा की विणायचं तिनंच. पण हातात वेत द्यायला बंदी नव्हती. ती हात मागं करायची आणि न बघता बोटं उघडायची. मी चुकीचा जाड वेत दिला, तुडतुडीनं तीन एकदम दिले. तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बाजूला केलं, कोट काढला आणि तिच्या डाव्या हाताला बसले. आयुष्यभर लोकांनी त्यांच्या हातात हत्यारं दिली होती, त्यामुळे कुठल्या क्षणाला काय हवंय ते त्यांना बरोबर कळत होतं. तिनं हात उघडला की वेत हजर. आम्ही दोघी पाणी शिंपडत होतो. आजूबाजूचे सगळे विक्रेते आपापली दुकानं सोडून गोळा झाले होते आणि कुणी श्वास घेत नव्हतं. टोपली वर येत होती. मी इतकी उतावीळ झाले होते की मला बसवेना आणि उभंही राहवेना. तुडतुडी मला म्हणाली, अगं, एका जागी थांब. तिनं, मला.

घंटा झाली तेव्हा बाईनं काठाचा शेवटचा वेत आत खोचला, टोपली उपडी ठेवली आणि हात मांडीवर टाकले.

परीक्षक म्हणून एक चांगलेच जाडजूड गृहस्थ आले. मैदानभर फिरून ते घामाघूम झाले होते. मागच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत त्यांचा जीव मेटाकुटीला आला असावा. त्यांनी हुश्श केलं, समोर काहीतरी बसण्यासारखं दिसलं, आणि आम्ही अहो म्हणेपर्यंत ते त्याच्यावर बसले. वेत करकरला. मी डोळे मिटले. तुडतुडीनं माझा दंड इतका आवळला की नंतर आठवडाभर हिरवानिळा होता. मी डोळे उघडले तर परीक्षक निवांत बसून घाम पुसत होते.

"हं, बाई," ते म्हणाले. "तुमची वस्तू कुठाय?"

"तुम्ही बसलाय ती."

ते ताडकन उठले. टोपली उचलून फिरवून फिरवून बघितली. एक काडी वाकली नव्हती. खुंट आणि नवा वेत, अशी प्रत्येक जागी जोडी झाली होती. त्यांनी विचारलं, अशा दुहेरी काड्या घालायचं तुम्हाला कुणी सुचवलं? बाईनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही सगळं सांगणार.

"या ताईंमुळं घालाव्या लागल्या," ती म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

टोपली पहिली आल्याचं माइकवरून पुकारलं तेव्हा मी तुडतुडीला मिठी मारली, डॉक्टरांशी हात मिळवला आणि मेणबत्तीवाल्यालाही मिठी मारणार होते, पण त्याची बायको बघत होती. टोपली डॉक्टरांची झाली. पैसे त्यांनी आधीच दिले होते. त्यांनी ती डोक्यावर धरली आणि गेले. टोपलीवाली मात्र बसलेलीच. तिला माइकपुढं बोलवत होते. मला म्हणाली, ताई, तुम्ही जा, तुम्हाला बोलता येतं. मी तोऱ्यात गेले. माइक हातात घेतला. समोर एवढी माणसं. दिवसभर मी बोलत होते, पण तेव्हा मला एकच वाक्य आलं. "तिला छपराखाली जागा मिळाली," एवढंच म्हणाले आणि ढसाढसा रडले. लोकांना वाटलं, भाऊ अजून सापडला नाही.

संध्याकाळी सगळे आवरायला लागले. टोपलीवाली आपली रिकामी चादर काखेत घेऊन मोठ्या दालनाकडे निघाली, आम्ही तिच्या मागं. दाराजवळची जागा मोकळी झाली होती. ती मधोमध उभी राहिली आणि मान वर करून छपराकडे बघत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिनं चादर अंथरली.

माइकवाला कुलूप घेऊन आला होता. तो म्हणाला, बाई, ही जागा पुढच्या वेळची आहे, आजची नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच बोलली.

"माहीत आहे. नुसतं बसून बघते."

त्यानं तिच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग कुलूप खिशात टाकलं आणि दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. आम्ही दोघी तिच्या शेजारी चादरीवर टेकलो. तुडतुडीसुद्धा हलली नाही.